अर्ध्या चेहऱ्याचं चित्र

सर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात मी तुमचा चेहरा एका नटाच्या चेहऱ्यावर चिकटवला, आणि तेव्हापासून मला धड जेवण जात नाही.

मी आता सिनेमांसाठी खोट्या जखमा, भाजलेली कातडी, तुटलेले हात बनवते. तुमच्याकडे आले तेव्हा चित्रकलेच्या डिप्लोमाला होते. जखम खरी वाटायची तर कातडीखाली काय असतं ते माहीत हवं, एवढंच मला कळलं होतं. तुम्ही अ‍ॅनाटॉमी शिकवून निवृत्त झालेले, तरी जुन्या ओळखीवर परवानगी काढून मला कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये नेलंत. फॉर्मलिनने डोळे चुरचुरत होते. टेबलावर एक म्हातारे गृहस्थ होते. मी वहीत त्यांचा हात काढला, पाऊल काढलं, मान काढली, पण चेहऱ्यावर माझा रुमाल टाकून ठेवला. तुम्ही तो उचललात, घडी करून माझ्या हातात दिलात. "भीती वाटली तर वाटू दे," तुम्ही म्हणालात, "पण नजर काढून घेऊ नकोस." त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. पुढे मी ते फार चांगलं शिकले.

मग दर रविवारी सकाळी पंचवटीतलं तुमचं स्वयंपाकघर. काकू चहा ठेवून बाजारात जायच्या, आणि तुम्ही स्वतःच्याच चेहऱ्यावर मला एकेक स्नायू दाखवायचात. भुवया उचलायच्या, गाल फुगवायचा, ओठ एका बाजूला ओढायचा. अर्ध्या चेहऱ्याचा लकवा कसा दिसतो, तेही तुम्ही करून दाखवलं होतं. नस बिघडली असेल तर त्या बाजूच्या कपाळावरच्या आठ्याही जातात. आठ्या शाबूत राहून फक्त तोंड वाकडं झालं तर दुखणं मेंदूत आहे, असं समजायचं. मी वहीत लिहून घेतलं होतं.

पुढच्याच रविवारी तुम्ही बोलता बोलता थांबता. ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून चहा ओघळतो आणि सदऱ्यावर पडतो. नाकापासून ओठापर्यंतची रेघ पुसल्यासारखी सपाट होते. मला वाटतं, तुम्ही पुन्हा करून दाखवताय. मी पेन्सिल उचलते. सर, ते मला फार तर अर्धा मिनिट वाटलं. मग तुमचा उजवा हात टेबलावरून घसरला, आणि कपाळाकडे पाहिलं तर आठ्या जिथल्या तिथे होत्या. मला कळलं. कळल्यावरही मी काढत राहिले. असा चेहरा पुन्हा समोर येणार नाही, असं मनात आलं होतं. गाल झाला, डोळ्याखालची लोंबलेली कातडी झाली, कानापर्यंत आले. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. दहा मिनिटं गेली असतील, कदाचित जास्त. तुमच्या घशातून एक आवाज आला, तेव्हा मी वही टाकली आणि रिक्षा आणायला धावले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कधी सुरू झालं, नीट आठवून सांगा. मी म्हटलं, "आत्ताच. रिक्षा मिळायला वेळ लागला तेवढाच." काकू धापा टाकत आल्या आणि सगळ्यांसमोर माझे हात धरून रडल्या. ही होती म्हणून वेळेवर आणलं, असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या.

त्यानंतर सात महिने तुम्ही अंथरुणावर होतात. शब्द फुटत नव्हता. मी भेटायला यायचे आणि काकू आत गेल्या की मला धडकी भरायची. एकदा तुम्ही डावा हात उचलून माझ्या पिशवीकडे बोट केलंत, मग हवेत पेन्सिल धरल्यासारखी बोटं हलवलीत. मी म्हटलं, "आज वही आणली नाही, सर." वही पिशवीतच होती. तुम्हाला चित्र बघायचं होतं की मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे हे सांगायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर मी आलेच नाही, थेट तुम्ही गेल्यावर आले.

गेल्या आठवड्यात एका सिनेमासाठी लकवा झालेला म्हातारा हवा होता. मी वही काढली. सिलिकॉनचा गाल, ओठ, डोळ्याखालची कातडी, सगळं त्या चित्रावरून केलं. नट आरशासमोरून उठून माझ्याकडे वळला. दिग्दर्शक म्हणाले, "हे तुम्हाला कसं जमतं?" नटाच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी गळेल म्हणून मी बघत राहिले. मग बाहेर जाऊन भिंतीला टेकले. अजूनही रोज सकाळी घरातल्या माणसांना मी आधी काहीतरी बोलायला लावते आणि मगच त्यांच्या चेहऱ्याकडे बघते.

हे पत्र पाकिटात घालावं असं मनात आलं होतं. पण तुमचा पत्ता अजून तोच आहे आणि टपाल काकूच घेतात. दिवाळीला मी जाते तेव्हा त्या मला जवळ बसवून शेजारणींना सांगतात की हिच्यामुळे आमचे हे आणखी सात महिने होते. मी ताटातला लाडू खाते, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो.