कोंबड्यांच्या पायाखालची जमीन

४ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
मागच्या अंगणातल्या कोंबड्यांचा प्रश्न आजपासून मी हातात घेतला आहे. प्रश्न असा: जाळीचं कुंपण, आत सहा कोंबड्या आणि त्यांच्या पायाखाली नुसता चिखल. होतं ते गवत त्यांनी वर्षभरात उकरून संपवलं. आता पाण्याचं भांडं कलंडलं तरी राडा होतो आणि वास भिंत ओलांडून पलीकडच्या काकूंकडे जातो. काकू काल येऊन गेल्या. त्यानंतर बायकोने निर्वाणीचं सांगितलं: महिनाअखेरपर्यंत वास गेला नाही, तर कोंबड्या तिच्या भावाच्या शेतावर जातील.

सासरे तिथेच बसले होते. आजारपणानंतर ते आमच्याकडे आले तेव्हा पलंग सोडायला तयार नव्हते. कोंबड्या आल्या आणि ते रोज सकाळी दाणे टाकायला आपल्या पायांनी मागे जाऊ लागले. कोंबड्या गेल्या तर ते परत पलंग धरतील, हे मला स्वच्छ दिसतंय.

तेव्हा हे काम जाणकार माणसानेच करायला हवं. तीस वर्षं मी ऑफिसात खरेदीचे प्रस्ताव तपासले. जमिनीवर काय अंथरायचं हे ठरवायला असा किती वेळ लागणार? एक रविवार. फार तर दोन.

५ फेब्रुवारी
तक्ता केला. हिरवळ, वाळू, गोटे, भुसा. प्रत्येकाला दहापैकी मार्क. हिरवळ पहिली आली. फोटोतल्या कोंबड्या तिच्यावर समाधानी दिसत होत्या.

९ फेब्रुवारी
हिरवळीच्या गुंडाळ्या आणल्या. कोणासाठी, असं नर्सरीवाल्याने विचारलं. कोंबड्यांसाठी म्हटल्यावर तो म्हणाला, खायला की अंथरायला? माणसाने आपल्याच मालाबद्दल इतकं निराश असू नये.
दुपारपर्यंत सगळी अंथरून झाली. गालिचा! कंबर धरली आहे, पण काम चोख.

११ फेब्रुवारी
हिरवळ खाल्ली.

११ फेब्रुवारी, दुपारी
मुळंसुद्धा. तक्त्यात 'चव' हा रकाना नव्हता. चूक तक्त्याची.

१४ फेब्रुवारी
वाळू. मुळात मला वाळूच हवी होती. कोरडी, स्वच्छ, पाणी खाली मुरतं. कोंबड्या तिच्यात लोळल्या, पंख झाडले. मी दाताळ्याने सरळ रेघा ओढल्या. बायको म्हणाली, दिसतंय बरं. आमच्या लग्नात हे वाक्य सहसा ऐकू येत नाही.

१६ फेब्रुवारी
आळीतल्या मांजरांनाही वाळू आवडली. जाळीला खालून फट आहे हे मला ठाऊक नव्हतं, मांजरांना होतं. आता कोंबड्यांचा वास येत नाही. मांजरांचा येतो.
काकू पुन्हा येऊन गेल्या. मी तेव्हा बाथरूममध्ये होतो. बराच वेळ होतो.

१७ फेब्रुवारी
सासरे पहाटेपासून काठी घेऊन मांजरं हाकलत आहेत. त्यांना तेवढाच व्यायाम. हा फायदाही माझ्याच खात्यात धरायला हरकत नाही.

१९ फेब्रुवारी
वाळू उपसली. फट बुजवली. पांढरे गोटे टाकले. पाइपने धुतले की झालं. एखाद्या हॉटेलच्या दारासारखं दिसतंय. सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, कोंबड्यांनी आता उकरायचं कुठे? मी म्हटलं, होईल सवय. ऑफिसात नव्या फरश्या बसल्या तेव्हा आम्हालाही झाली होती. ते म्हणाले, तुम्ही ऑफिसात उकरत होता का?
वय झालं की माणसं मुद्दा सोडून बोलतात.

२२ फेब्रुवारी
मोठीबाई, म्हणजे सगळ्यांत जाडी तांबडी कोंबडी, लंगडते आहे. आधी सासऱ्यांच्या लक्षात आलं. मी म्हटलं, नखरे असतील. सासरे तिला मांडीवर घेऊन दुपारभर बसून राहिले. जेवायला बोलावलं तरी आले नाहीत. ताट झाकून ठेवलं.

२३ फेब्रुवारी
जनावरांचे डॉक्टर आले. तळव्याला सूज. रात्री बसायच्या दांडीवरून कडक गोट्यांवर उड्या मारल्यामुळे. हे गोटे कोणी टाकले, असं त्यांनी विचारलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. सासऱ्यांनी बघितलं नाही, ते जास्त लागलं.
डॉक्टर म्हणाले, मऊ, कोरडं आणि चांगलं वीतभर जाड काहीतरी हवं. सुताराकडे रंधा मारताना निघतात त्या लाकडाच्या चिपा आणि वाळलेला पाला. मधूनमधून वरखाली करा, कोरडं ठेवा, वास येणार नाही.
पाय मी धरला, पट्टी बायकोने बांधली. मोठीबाई माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती. नोकरीत मी पुष्कळांचे प्रस्ताव परत पाठवले, पण असं कोणी बघितलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी
गोटे उचलले, एकट्याने. शिक्षा म्हणून नाही, व्यायाम म्हणून.
चिपांऐवजी लाकूड कापायच्या गिरणीतून बारीक भुसा आणला. चिपांपेक्षा भुसा मऊ. डॉक्टरांना सुचलं नसेल.

२५ फेब्रुवारी
सहाही कोंबड्या शिंकत आहेत. कोंबड्या शिंकतात हे मला नवीन. सासरे शिंकत आहेत. भिंतीपलीकडून काकूंच्याही शिंका ऐकू आल्या. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी 'चिपा' हा शब्द तीनदा उच्चारला, तिसऱ्यांदा अक्षरं सुटी करून.

२६ फेब्रुवारी
यापुढे घाई नाही. खोलीत बसून चिपांचा रीतसर मसुदा करायला घेतला. लाकडाची जात, चिपांची जाडी, ओलाव्याचं प्रमाण. चार वाजेपर्यंत दीड पान झालं. मागे कसलीशी गडबड चालू होती म्हणून खिडकी लावून घेतली.
साडेचारला बाहेर गेलो तर काम संपलेलं. बायकोने सुताराकडून चिपांची पोती आणली होती. आणि पाला आणला होता काकूंनी! स्वतःच्या अंगणातला, टोपल्या भरभरून. म्हणाल्या, नाहीतरी जाळणारच होते. सासरे स्टुलावर बसून कुठे कमी, कुठे जास्त ते सांगत होते. वीतभर जाड थर. कोंबड्या त्यात अशा उकरत होत्या, जणू काही हरवलेलं सापडलं.
एक कोपरा जरा उंच वाटला. मी दाताळं उचललं. सासऱ्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. अगदी आदराने.

२८ फेब्रुवारी
मुदत संपली. काकूंनी कुंपणाशी उभं राहून दीर्घ श्वास घेतला आणि मान डोलावली. वास नाही. कोंबड्या राहणार! सासऱ्यांनी आज दोनदा भात मागून घेतला. मोठीबाईची सूज उतरते आहे. एकंदरीत माझी मोहीम फत्ते.
एकच बारीकसा मुद्दा. नऊ दिवसांत एकही अंडं नाही. डॉक्टर म्हणाले, बिचाऱ्या भेदरल्यात, महिन्याभरात पाच वेळा जमीन बदलली त्यांची. आता कोणीही आत जाऊन काही बदलायचं नाही. 'कोणीही' म्हणताना त्यांची नजर माझ्यावर होती. सगळ्यांत जबाबदार माणूस कोण, हे बाहेरच्यालाही कळतं.
बायको म्हणाली, दमलात, चार दिवस ताईंकडे जाऊन या. किती काळजी! बॅगसुद्धा तिनेच भरली.

५ मार्च, ताईकडे
सकाळी बायकोचा फोन. मी निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन अंडी. काल चार. आज सहा, मोठीबाईसकट. मी म्हटलं, चिपांचा गुण. ती म्हणाली, चिपा तर तुम्ही असतानाही होत्या.
आणखी आठवडाभर राहिलात तरी चालेल म्हणाली. ताईने हे ऐकलं आणि ती उगाचच पडदे सारखे करू लागली.
मग सासरे फोनवर आले. म्हणाले, जावईबापू, तिचं मनावर घेऊ नका, रविवारी या. करमत नाही तुमच्याशिवाय.
मी विचारलं, येताना काय आणू?
ते घाईघाईने म्हणाले, काही नको. अगदी रिकाम्या हातांनी या.