एकच जोडाक्षर

दीपनगर, ९ जुलै १९९१

माय, पाया पडते.

गुलाबभाऊनं कळवलं, तुझी बाराखडी पुरी झाली, जोडाक्षरं तेवढी राहिली. मग हा कागद मी जोडाक्षरं न घालता लिहिलाय. यातला 'क्ष' तुला येतो. कुणाकडून वाचून घेऊ नको. डोळे दुखतात का अजून?

इथे शाळेत मला पहिलीची साठ पोरं आहेत. ओळ गाळली की मी लगेच पकडते. तू शेंगा फोडता फोडता तशीच पकडायचीस, "ओळ गाळी ना तू! परत वाच." मला वाटायचं, माय सगळं वाचते. तुला ते ऐकून पाठ होतं, हे किती उशिरा कळलं!

शेवटी एकच जोडाक्षर घातलंय. अडलीस तर क आणि मा जोड. नाव तुझंच आहे.

तुझी,
रुक्माबाईची भागा