ब गटाचं पाकीट

ट्रॉन्हाइम, २ डिसेंबर

प्रिय सुन्निवा,

रविवारी फोनवर तू पुन्हा तेच म्हणालीस, की डोंगरावरच्या घरी जाताना हाल्वारच्या गोळ्यांचा डबा तू विसरली नसतीस, तर तो आज असता. मी नेहमीसारखं ‘असं काही नसतं गं’ म्हणाले आणि बर्फ किती पडला ते विचारलं. तुला वाटलं असेल, या इंगुनला कशाचंच काही नाही. लहानपणापासून तू म्हणतच आलीस, ‘तुला माणूस दिसतो कुठे, तुला त्याचा नंबर दिसतो.’ आज नंबरांबद्दलच लिहायचंय. तुझा आवाज ऐकत मला ते सांगता येणार नाही.

त्याचं हृदय थकत चाललं तेव्हा नव्या औषधाच्या चाचणीत भाग घे, असं सांगणारी मीच. तुमच्या स्वयंपाकघरात तू वाफल भाजत होतीस, आणि तो तपकिरी चीजचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला होता, ‘म्हणजे मला खरी गोळी मिळणार की पिठाची, ते तुलाही माहीत नसणार? मग एवढं शिकून तुझा उपयोग काय, बाई?’ आपण तिघंही किती हसलो. त्या चाचणीच्या देखरेख समितीवर मी संख्याशास्त्रज्ञ होते. घरचं माणूस चाचणीत आलं की समिती सोडायची असते, आणि सख्ख्या बहिणीचा नवरा म्हणजे घरचंच माणूस. मी सोडली नाही, कुणाला बोललेही नाही. त्याच्यावर आपली नजर असलेली बरी, असं मनाला समजावलं.

दर सहा महिन्यांनी मी समितीपुढे तक्ता ठेवायचे. रुग्णांचे दोन गट, अ आणि ब. खरं औषध कोणत्या गटाला, ते एका बंद पाकिटात. ते उघडायची आम्हाला मुभा होती. न उघडण्याचा हट्ट माझा. कळलं की माणूस आकड्यांना झुकतं माप देतो, हे मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आलेय. जूनमध्ये अ गटात एकवीस मृत्यू होते, ब गटात अडतीस. आमचे अध्यक्ष ओड्वार चष्मा पुसत म्हणाले, ‘बिचारे ब वाले, त्यांच्या नशिबी पीठच आलेलं दिसतंय.’ सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. औषध गुणकारी आहे म्हणून चाचणी मध्येच थांबवायची, तर पुरावा फार भक्कम लागतो. तेवढा तो नव्हता, म्हणून आम्ही ती चालू ठेवली. औषध घातक दिसलं, तर मात्र त्याच्या निम्म्या पुराव्यावरही थांबवतात. एका तरुण डॉक्टरणीने विचारलं होतं, ‘पाकीट एकदा उघडून बघायचं का?’ मी म्हणाले, ‘आपण काय नवशिके आहोत का?’ कॉफी आली आणि आम्ही पुढचा विषय घेतला.

मंगळवारी चाचणी संपली आणि पाकीट उघडलं. औषध ब गटाला होतं.

आमचा त्या औषधावर इतका विश्वास, की जास्त माणसं मरताहेत तो गट औषधाचा असेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. झुकतं माप देऊ नये म्हणून डोळे बांधून घेतले, आणि बांधल्या डोळ्यांनी तेच दिलं. नंतर मी यादीत हाल्वारचा क्रमांक शोधला. बोट ओळीवर ठेवून तीनदा वाचला. तो ब गटात होता. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही, आणि लागावं असंही वाटत नाही.

आता सप्टेंबरात डोंगरावरच्या घरी काढलेले ते चार दिवस आठव. तूच मला सांगितलं होतंस, की तो न थांबता तळ्यापर्यंत चालत गेला, दोन ट्राउट मासे धरून आणले, आणि कितीतरी महिन्यांनी धाप न लागता, तीन उशांऐवजी एका उशीवर झोपला. त्या चार दिवसांत त्याच्या पोटात ती गोळी नव्हती. घरी आल्यावर तू घाबरून पुन्हा नेमाने ती सुरू केलीस, आणि नवव्या दिवशी तो गेला. एकट्या माणसाबद्दल आकड्यांवरून खात्रीने काही सांगता येत नाही, असं मी जगात कुणालाही सांगेन. तुला सांगणार नाही. तुझ्या विसरण्याने तो गेला नाही, सुन्निवा. त्याचे शेवटचे चांगले दिवस त्याला तुझ्या विसरण्यानेच मिळाले. ‘रोज कॉफीबरोबर गोळी मीच देत होते,’ हे आता तुझ्या मनात येईल. तू दिलीस, कारण त्या औषधाचा भरवसा मी दिला होता. जूनमध्ये मी पाकीट उघडलं असतं, तर सप्टेंबरात विसरायला घरात तो डबाच नसता. सोमवारी चाचणीवाल्यांचं पत्र निघेल. त्यात दिलगिरी असेल, पण नाव कुणाचंच नसेल. ते तुझ्या हातात पडायच्या आत तुला नाव कळावं, म्हणून हे लिहिलं.

तुझी म्हणायचं की नाही, ते आता तू ठरव,
इंगुन