पेन ड्राइव्ह तुम्ही नाही बिघडवलात

बाबा,

तुमचं पुस्तक ठेवलेला आपला पेन ड्राइव्ह पुन्हा उघडतोय. चूक माझीच होती. परवा दुकानातून निघताना विंडोजवर 'इजेक्ट' न करता मी तो घाईत तसाच उपटून आणला, म्हणून घरच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरने तो उघडायला नकार दिला. आणि खापर फोडलं तुमच्या डोक्यावर.

तुम्ही सांगत होतात, "अगं, स्क्रीनवर काय लिहिलंय ते आधी वाच तरी." पण मी दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणार, मला कोण शिकवणार! आज सकाळी वाचलं. ड्राइव्ह नीट बंद केलेला नाही, एवढंच म्हणत होता बिचारा कॉम्प्युटर. एका कमांडमध्ये काम झालं.

तुम्ही लिहिताय त्या पुस्तकाची सदतीस पानं जशीच्या तशी आहेत. कॉम्प्युटरवरही एक प्रत ठेवलीये. कधी त्याने 'फॉरमॅट करू का', म्हणजे सगळं पुसून टाकू का, असं विचारलं तर 'नाही' दाबा आणि मला फोन करा. मी कामात असले तरी करा.

जेवण झाकून ठेवलंय. मला यायला आठ वाजतील. फार थकलेय, पण आज सुट्टी मिळणार नाही.

'या वयात कशाला हवेत हे उद्योग' असंही मी म्हणाले होते. त्यानंतर तुम्ही तुमची खुर्ची बाल्कनीत नेलीत, ते मी पाहिलं. ती पुन्हा कॉम्प्युटरसमोर आणून ठेवलीये. जड आहे हो, परत नेऊ नका.