निळ्या कोटाची बाजू

९ जानेवारी

तक्रार! वहिनी गेल्यापासून पहिलं पार्सल माझ्या हातून गेलं आणि त्याचीच तक्रार!

वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि जाताना सगळं दुकान माझ्या गळ्यात घालून गेली. दुकान म्हणजे मागची खोली. कपडे टांगायची दांडी, वाफेची इस्त्री, खोकी, चिकटपट्ट्या. आणि फोनमधलं ते ॲप, ज्यावर ती लोकांचे वापरलेले कपडे धुऊन, शिवून, पुन्हा विकते. मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही मैदानं गाजवलीत. चार गिऱ्हाइकांना उत्तरं देणं म्हणजे तुमच्या डाव्या हातचा मळ." मीही फुशारले.

गिऱ्हाइकाचं टोपणनाव निळीचिमणी. तिथे खरं नाव कुणीच लावत नाही. तिचा निरोप: "ताई, आलेला कोट फोटोतला वाटत नाही. काखेत उसवलाय, दोन बटणं नाहीत."

धादांत खोटं. फोटो माझ्यासमोर आहे — गडद निळा, लोकरीचा, सगळी बटणं झळकतायत. कोट मी स्वतः दाराच्या मागून काढला, घडी घातली, खोक्यात भरला. तेव्हा फोनवर जीन्सवाले काका होते. फक्त जुन्या जीन्स विकतात, विक्रेत्यांचा गट चालवतात. वापरलेल्या वस्तूलाही अब्रू असते, असं त्यांना खांद्याने फोन धरून मी समजावत होते. काका म्हणाले, "बाई, हे सभेत बोलायला पाहिजे!"

१० जानेवारी

ॲपच्या मदतकक्षाला लिहिलं. पहिलाच परिच्छेद जमून आला होता — तर खाली लाल अक्षरात: 'मजकूर तीनशे अक्षरांत बसवा.'

तीनशे अक्षरांत! जुलमी राजेसुद्धा फिर्याद पूर्ण ऐकून घ्यायचे, मग हाकलून द्यायचे. मी नऊ तुकडे करून पाठवलं. प्रत्येक तुकड्याला वेगळं उत्तर आलं, सगळी उत्तरं तीच. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपलं समाधान झालं का? हो / नाही.'

नाही. नाही. नाही.

दादा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाला, "तू यंत्राशी भांडतेयस. ते दमणार नाही. सभा संपली असेल तर चहा टाकतो."

११ जानेवारी

पुन्हा लिहिलं. पुन्हा दिलगीर!

१५ जानेवारी

कोट परत आला. कोट कसला — लक्तर! उजव्या काखेत हात जाईल एवढं उसवलेलं, अस्तर फाटलेलं, दोन बटणं गायब. रंग तोच, कापड तेच, गळ्यापाशी पट्टीसुद्धा त्याच कंपनीची. म्हणजे चिमणीबाईंनी आमचा चांगला कोट ठेवून घेतला आणि आपला फाटका तसलाच कोट आमच्या माथी मारला. असं चालतं म्हणे. काकांनी मागे सांगितलं होतं.

वर चिठ्ठी! "खिशात ही दोन बटणं आणि एक टाचणी निघाली. तुमची असतील म्हणून परत पाठवतेय." कागदाच्या पुडीत बटणं, त्यांत दोरा ओवून गाठ मारलेली.

काय हा कावेबाज प्रामाणिकपणा! कोट गिळायचा आणि बटणं नम्रपणे परत करायची.

वहिनीला फोन केला. मागे बाळ रडत होतं. "असू दे हो वन्सं, कधी कधी येतात अशी माणसं. पैसे परत करा नि मोकळ्या व्हा. थांबा, त्याचा फोटो टाका बरं मला, बघते." मी म्हटलं, तू बाळाकडे बघ. इथलं मी निस्तरते.

१६ जानेवारी

ॲपने निकाल दिला. गिऱ्हाइकाच्या बाजूने! 'प्रकरण बंद करण्यात आलं आहे. आपलं समाधान झालं का?'

प्रकरण बंद? मी उघडते.

निळीचिमणीच्या पानावर गेले तेव्हा कळलं, ती स्वतःही विकते. जुने स्वेटर उसवून लहान मुलांच्या टोप्या, झबली विणते. म्हणजे आपल्यातलीच! यानेच डोकं तापलं. चोरी परक्याने केली तर चोरी. आपल्यातल्याने केली तर तो दगा. तिथे लिहिलं, मग काकांच्या गटावर लिहिलं. इथे अक्षरांची मर्यादा नव्हती. दोन्ही कोटांचे फोटो शेजारी शेजारी लावले. शेवटचं वाक्य: 'जी दुसऱ्याच्या कष्टाचा कोट चोरते, तिच्या हातची टोपी तुम्ही आपल्या लेकराच्या डोक्यावर घालाल?'

वाचून पाहिलं. किती दिवसांनी हाताला जुन्या सभांची ती धग जाणवली.

१८ जानेवारी

लेख वाऱ्यासारखा पसरला! अनोळखी बायका फोन करतायत. कुणाच्या शालूचा रंग गिऱ्हाइकाला पटला नाही, कुणाचे बूट चार दिवस वापरून परत आले, कुणाला मदतकक्षाने तीच दिलगिरी सतरा वेळा पाठवली. सगळ्यांचा राग एका जागी आला. मला एवढंच तर येतं — विखुरलेला राग गोळा करणं.

काका: "बाई, हॉल घेतलाय. एकोणतीसला. मुख्य भाषण तुमचं. ठराव करू. असल्या गिऱ्हाइकांची नावं जाहीर, पहिलं नाव चिमणीचं!"

दादाला वाचून दाखवलं. त्याने चष्मा पुसला. "बटणं कशाला परत केली असतील गं तिने?"

"साळसूदपणा दाखवायला."

"हं. मी चोर असतो तर मला नसतं सुचलं."

तुला काहीच सुचत नाही, म्हटलं.

२१ जानेवारी

निळीचिमणीचा निरोप. पहिल्यांदाच थोडा लांब.

"ताई, तुम्ही छान लिहिता. मी दोनदा वाचलं. मला तसं लिहिता येत नाही म्हणून उत्तर दिलं नाही. बायकांनी दिलेली कामं काढून घेतली. एकीने सांगितलं, टोपी मुलाला घातली होती, आता नको वाटते. मी दुकान बंद केलंय. कोट मला नोकरीच्या मुलाखतीला पाहिजे होता, दुकान कमी चालतं म्हणून. एवढंच सांगायचं होतं."

खोटं बोलणारी माणसं जास्त बोलतात. ही का नाही बोलत?

२२ जानेवारी

उत्तर दिलं नाही. भाषणाची टिपणं काढली. जमली नाहीत.

२७ जानेवारी

वहिनी आली. पिशव्या दारातच टाकून आधी मागच्या खोलीत गेली, जसं कुणी आधी पाळण्यापाशी जातं. मी विजयाची बातमी सांगायला मागोमाग. पुरावा म्हणून तो लक्तराचा कोट दांडीवर टांगून ठेवला होता.

तिने काखेतला उसवलेला भाग उलटून पाहिला. "अगंबाई, हा इथे कसा? हा तर मी बटणांसाठी ठेवलेला."

कळलंच नाही मला. तिने कपाट उघडलं. विकायचे कपडे तिथे असतात, चेन लावलेल्या पिशव्यांत. एक पिशवी उघडली. आतून निघाला — गडद निळा, लोकरीचा, सगळी बटणं झळकतायत.

"एका हॉटेलच्या गणवेशातले आहेत दोन्ही. हॉटेल बंद पडलं तेव्हा आणले. एक धड निघाला. दुसऱ्याची बटणं काढायला घेतली होती, दोन काढून त्याच्याच खिशात टाकली. दाराच्या मागे मी नेहमी मोडीतलंच टांगते, वन्सं." हसू आलं तिला. मग माझ्या तोंडाकडे पाहून ते थांबलं.

चिमणीने कोट बदलला नव्हता. मी पाठवलं होतं तेच तिने परत केलं. बटणांसकट. टाचणीसकट!

खांद्याने फोन धरून मी अब्रूवर बोलत होते आणि हाताने लक्तर खोक्यात भरत होते.

२८ जानेवारी

 सकाळी तिघं एकदम बोललो.

दादा: "उद्या जाऊ नकोस. अंग मोडून आलंय म्हण."

वहिनी: "तिला गुपचूप कोट पाठवू. पैसे घ्यायचे नाहीत. लेख काढून टाका. सभेत कशाला, वन्सं? दुकानावर नाव माझं आहे. खोटी तक्रार करणारी बाई म्हणून माझाच बोभाटा होईल. पाच वर्षं मी एकेक गिऱ्हाईक जपलंय."

तिचं म्हणणं खरं होतं. मी बोलले तरीही. लेख काढून टाकला म्हणजे वाचलेला पुसला जातो का? बोभाटा मी चौकात केला, माफी काय जिन्याखाली मागायची? चांगलं बोलत होते. वाक्यं आपोआप येत होती, नेहमीसारखी. वहिनीचे डोळे भरले आणि माझ्या लक्षात आलं, मी पुन्हा भाषण करतेय. या वेळेला तिचं दुकान खर्ची टाकून.

गप्प बसले. म्हटलं, "दुकान तुझं आहे. तू नको म्हणालीस तर सभेत बोलणार नाही. पण तिचं नाव घेऊ देणार नाही, एवढं मात्र नक्की."

ती उठून मागच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं.

मी चिमणीला निरोप लिहायला बसले. खूप लिहिलं, सगळं खोडलं. शेवटी गेलं ते एवढंच: "चूक माझी होती. चांगला कोट इथेच कपाटात होता. तुम्ही खरं बोललात." तीनशे अक्षरांहून कितीतरी कमी.

उत्तर नाही.

मागच्या खोलीतून वाफेच्या इस्त्रीचा आवाज येत राहिला. फुस्स. फुस्स. काय इस्त्री करत होती, विचारायची हिंमत झाली नाही.

२९ जानेवारी

निघताना दारात वहिनीने निळा कोट पुढे केला. कडक इस्त्री केलेला. "घाला," म्हणाली. "मी पण येतेय. पहिल्या रांगेत बसते."

तोच घालून व्यासपीठावर चढले. हॉलमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याचा फोटो होता. आधी काकांनी ओळखला, मग दुसऱ्या रांगेने, मग मागच्यांनी माना उंचावून. टाळ्या मधेच थांबल्या.

आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड उघडण्याआधीच सभेला सगळं कळलं होतं.