जिन्यावरून पडल्याचा दाखला

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि मागच्या महिन्यात मी तुमच्या नावावर एक खोटं लिहून दिलं. तुम्ही असतात तर माझ्याशी बोलणं टाकलं असतंत. आधीच सांगून टाकते, नंतर धीर व्हायचा नाही.

लेकीच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. तुमच्या आईचा वाकडा जबडा मला आला, माझा तिला. हनुवटी डावीकडे सरकलेली, दाढा एकमेकींवर बसत नाहीत, घास चावता चावता कान दुखायला लागतात. एकोणीस वर्षांची पोर, मैत्रिणींबरोबर कुठे खायला गेली की "भूख नहीं है यार" म्हणून नुसता चहा घेऊन बसायची. दीड वर्ष दातांना तारा झाल्या, मग डॉक्टर म्हणाले, आता हाड कापून सरळ करू. खर्च सव्वाचार लाख. हे मंडीदीपला कारखान्यात, मी शाळेत, बाग सेवनियातल्या फ्लॅटचे हप्ते अजून चालू. एवढे पैसे आणायचे कुठून? सगळी भिस्त ह्यांच्या कंपनीच्या विम्यावर. विमावाल्यांनी कळवलं, जन्मजात दोष, दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया, अमान्य.

हा शब्द मी लहानपणापासून तुमच्या अक्षरात वाचत आले आहे. लोकांची औषधपाण्याची सरकारी बिलं तपासायचं टेबल तुमच्याकडे होतं. टॉनिक अमान्य, चष्म्याची फ्रेम अमान्य, कवळी अमान्य. कुणी मिठाईचा डबा घेऊन तुलसी नगरच्या क्वार्टरवर आलं की तुम्ही दार उघडायचात, पण जाळीची कडी काढायचा नाहीत. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून तुमचं नाव होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. होता हो, खोटं कशाला सांगू.

मग मी अठरा वर्षांची झाले आणि माझ्याही जबड्याच्या ऑपरेशनची गोष्ट निघाली. तेव्हाच्या डॉक्टरांनी माझ्यासमोरच तुम्हाला सांगितलं, "बाबूजी, मैं लिख देता हूँ स्कूटर से गिरी है, बिल पास हो जाएगा." तुम्ही नमस्कार करून उठलात. त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलताय, आई पोळ्या लाटतेय. ती लाटणं थांबवून म्हणते, "एकदा लिहिलंत तर काय बिघडेल? सगळं जग लिहितं." तुम्ही म्हणता, "जे घडलं नाही ते मी लिहिणार नाही. आणि हा दिसण्यासाठीचा खर्च आहे." "मग पोरीनं जेवायचं कसं?" "लहान घास घ्यायचे." एवढं बोलून पुढची शेंग फोडता. मी ओट्याशी उभी होते, बाबा. तत्त्व तुमचं आणि तोंड माझं. त्यानंतर रोज तुम्ही भाकरी बारीक चुरून माझ्या ताटात वाढायचात, मी कॉलेजात गेले तरी. ती मी निमूट खाल्ली. त्या भाकरीचा मला किती राग यायचा ते तुम्हाला कधी कळलं नाही.

तर विम्याचं. दवाखान्यात विम्याच्या खिडकीवर एक मुलगी बसते. माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. हळूच म्हणाली, "मैडम, बेटी बचपन में कहीं गिरी होगी? चोट से जबड़ा टेढ़ा हुआ हो तो पैसा मिलता है. याद कीजिए ना, सब बच्चे गिरते हैं." मी आठवायचं नाटकही केलं नाही. फॉर्म घेतला. कुठे पडली, तुमच्या मिसरोदच्या घराचा जिना. वय, सहा वर्षं. त्या वेळी सांभाळायला कोण होतं? इथे पेन थांबलं. माझं नाव लिहिलं तर मला खोदून खोदून विचारतील, ह्यांचं लिहिलं तर हे गडबडतील. मेलेल्या माणसाला कोण फोन करणार? तुमचं नाव लिहिलं. शाळेतून आल्यावर ती तुमच्याचकडे असायची, तेवढं खरं होतं. शेवटचा रकाना होता, तेव्हा उपचार का केले नाहीत. तिथे लिहिलं, आजोबांना गरज वाटली नाही. डॉक्टरांनी काही न विचारता सही केली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी विमा कंपनीचा माणूस चौकशीला आला. लेकीचे दात रबरांनी आवळून बांधलेले, तोंड सुजून एवढं मोठं, बोलणं बंद. काही सांगायचं तर मोबाईलवर लिहून दाखवायची. त्याने तिच्याकडे बघून विचारलं, "बेटा कैसे गिरी थी?" ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "छोटी थी, उसको क्या याद होगा. मेरे पापा के हाथ से छूट गई थी, सीढ़ी पर." त्याने लिहून घेतलं, कागदाचा फोटो काढला आणि गेला. आठवड्याने पैसे मंजूर झाले.

पण तो गेल्या गेल्या लेकीने मोबाईल माझ्यापुढे धरला. लिहिलं होतं, "आजोबांनी मला पाडलं? मग डॉक्टरकडे का नाही नेलं?" खोलीत आम्ही दोघीच होतो. दार लोटलेलं होतं. खरं काय ते सांगायला एक मिनिटही लागलं नसतं. मी म्हटलं, "त्यांना वाटलं, एवढं काही झालेलं नाही." तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. बांधलेल्या तोंडाने रडताही येत नाही नीट, नुसता घशातून आवाज येतो.

आता ती घरी आहे, पातळ खिचडी खाते. तुमचा विषय निघाला की उठून आत जाते. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. तिला खरं सांगायला मला रोज वेळ असतो, आणि मी सांगत नाही. पैशांसाठी नाही बाबा, ते तर मिळाले. इतकी वर्षं मी एकटीच तुमच्यावर रागावलेली होते. आता मला सोबत आहे.