आठवं पान

तीर्थस्वरूप काका,

नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (डावा. उजव्याबद्दल मागच्या पत्रात सविस्तर कळलं.) काकूचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. मी ठीक आहे. झोप आणि जेवण नेहमीइतकंच, हे आईला तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून तिला ते खरं वाटत नाही.

पत्राचं कारण सोमवारचं प्रात्यक्षिक. त्यावर माझं कायम होणं अवलंबून होतं, हे तुम्हाला माहीत आहे. आमचं भरतकामाचं यंत्र चालू केलं की सगळ्यांत आधी माझा बूटलोडर जागा होतो. (आईने विचारलं तर सांगायला सोपं: हा एक छोटा प्रोग्राम. बाहेरून आलेल्या प्रोग्रामचं ओळखपत्र बघायचं, सगळं यंत्र त्याच्या हवाली करायचं आणि आपण बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. आपल्या घरात असा एकही माणूस नाही.) बाहेरच्या लोकांनी आपला प्रोग्राम कसा लिहावा, याचे नियमही मीच लिहिले. साहेबांची अट अशी, की प्रात्यक्षिकाचा प्रोग्राम कंपनीबाहेरच्या कोणी तरी फक्त ते नियम वाचून, मला एकही प्रश्न न विचारता लिहायचा. तुम्ही टेलिफोन खात्यात तीस वर्षं दुसऱ्यांचे नियम वाचून प्रोग्राम लिहिण्यात काढलीत, म्हणून तुमची निवड केली. (नातं सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही.)

ग्राहक म्हणून दोन भागीदार बाई आल्या होत्या. एक बोलणाऱ्या, एक घड्याळ बघणाऱ्या. मी यंत्र चालू केलं. बूटलोडरने तुमच्या प्रोग्रामचं ओळखपत्र तपासलं, यंत्र त्याच्या हवाली केलं, आणि पडद्यावर एकेक अक्षर सरकू लागलं: नमस्कार. आपली प्रकृती बरी असेल अशी आशा आहे. घरची मंडळी... इथे पाच सेकंद झाले. पाच सेकंदांत ‘कामाला लागलो’ असा निरोप आला नाही, तर प्रोग्राम बंद पडला असं समजून माझा बूटलोडर यंत्र परत ताब्यात घेतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. सुईची चौकट खाडकन मूळ जागी गेली. नमस्कार. आपली प्रकृती बरी असेल... असं तेवीस वेळा झालं. (मोजत होते. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बंद करायचं बटण साहेबांच्या पाठीमागे होतं आणि साहेब जागचे हलत नव्हते.) नवव्या वेळी बोलणाऱ्या बाई यंत्राला म्हणाल्या, “मंडळी बरी आहेत हो, आता एक फूल काढ की!” सतराव्या वेळी घड्याळवाल्या बाईसुद्धा हसल्या. फूल शेवटपर्यंत आलं नाही.

त्या गेल्यावर साहेब म्हणाले, “तुझा बूटलोडर चोख आहे गं. तेवीसच्या तेवीस वेळा धरलं त्याला. हा बाहेरचा गाढव कोण?” मी म्हटलं, “निवृत्त आहेत.” (हे खरं आहे.) त्यांनी काल मला कायम केलं. पत्र हातात आहे. तुमच्या मदतीशिवाय हे झालं नसतं.

आपली,
पुतणी

ता. क. साहेबांचं एक पत्र तुम्हाला येईल. त्यात ‘गाढव’ हा शब्द नसेल, अर्थ तोच असेल. कृपा करून उत्तर देऊ नका. खरं तर एवढं सांगायलाच लिहायला बसले होते.

दुसरा ता. क. तुम्ही नियमाबाहेर काही केलेलं नाही. तुम्हाला पाठवलेली नियमांची सातही पानं मी आज पुन्हा वाचली. ‘सुरुवातीला वापरणाऱ्याचं स्वागत करावं’ असं सातव्या पानावर मीच लिहिलं आहे. किती वेळ, ते नाही. पाच सेकंदांचा नियम आठव्या पानावर आहे. आठवं पान माझ्या खणात आहे. त्यातलं एक वाक्य पुरेसं नेमकं वाटत नव्हतं, म्हणून मागे ठेवलं, आणि ते राहूनच गेलं. सोबत जोडलं आहे. (वाक्य आता नेमकं आहे.)

तिसरा ता. क. चिकटवलेलं पाकीट फोडून लिहिते आहे. साहेबांच्या पत्राला उत्तर जरूर द्या, आणि आठवं पान मिळालंच नव्हतं असं स्पष्ट लिहा. त्याची प्रत मी आत्ता त्यांच्या टेबलावर ठेवून आले. गाढव माझे काका आहेत, हेही सांगितलं. त्यांनी पान दोनदा वाचलं, कायम केल्याचं पत्र परत मागून घेतलं आणि आणखी तीन महिने बघू म्हणाले. “वाक्य मात्र चांगलं जमलंय,” असंही म्हणाले.

आता अडचण एकच. कायम झाल्याचं मी सकाळी काकूला फोनवर सांगून बसले, आणि वर “इतक्यात कोणाला सांगू नकोस” असं म्हटलं. म्हणजे तिने आत्यापासून सुरुवात केली असणार. आईपर्यंत पोचायच्या आत तिला आवरा. (मीच फोन करणार होते. तीन तास तुमचा फोन व्यस्त लागतो आहे.) आणि काकू, पाकीट तू उघडलं असशील तर आधी तो फोन खाली ठेव.